विश्रांती कोणाच्या वाट्याची?



मार्च महिना सरत आला की पुण्याहून आपल्या शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारची जोडपी घरी परतताना दिसतात. त्यांची एकमेकांशी ओळख नसते. पण दोघांना शेजारी ठेवून पाहिले तर एक जुना प्रश्न उभा राहतो : विश्रांती ही कष्ट करून कमवायची गोष्ट आहे, की तो प्रत्येक माणसाचा हक्क आहे?

पहिले जोडपे निवृत्त आहे, असे समजू या. आयुष्यभर नोकरी केली, मुले मार्गी लागली, तेव्हा दोघांनी हिवाळ्याचे चार महिने अलिबागजवळ समुद्रकाठी काढले. सकाळी वाळूवर फेरफटका, जेवणात ताजी मासळी, रविवारी कोर्लईच्या माउंट कार्मेल मातेच्या देवळात मिस्सा. झावळ्यांच्या रविवारी मात्र आपल्या देवळात असावे, म्हणून ते मोटारीने निघाले आहेत. बोरघाट चढायचा, मग पुणे, शिरूर, अहिल्यानगर, आणि कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला की घर आलेच.

दुसरे जोडपे त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले आहे. सोबत भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी आणि पेंगुळलेली पोरे. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, आणि टोळ्या गावी निघाल्या. दिवाळीच्या सुमारास गेलेली ही माणसे पैठण, कन्नड, बीडकडच्या आपापल्या गावांना परत चालली आहेत.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीवर, आणि ऊस तोडून ती फेडायची असते. पहाटे अंधारात उठून बाई कोपीवर भाकरी भाजते, मग फडात जाते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या. आजारपणात एक दिवस घरी राहिले तर ‘खाडा’ लागतो, पैसे कापले जातात. राज्य सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक होती. पण पाळीच्या दुखण्यातही एक दिवस पडून राहण्याची सोय नसणे, हे त्यांतील एक होते.

यावर कोणी म्हणेल, “त्या निवृत्त जोडप्याने कोणाचे काय बिघडवले? पस्तीस वर्षे राबल्यावर चार महिने समुद्र पाहिला, तर त्यात पाप ते कसले?” हे म्हणणे योग्यच आहे. विश्रांती घेण्यात दोष नाही. सृष्टी निर्माण केल्यावर सातव्या दिवशी परमेश्वरही विसावला, असे शास्त्र सांगते.

पण तेच शास्त्र पुढे आणखी काही सांगते. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाचे कारण सृष्टीची निर्मिती हे दिले आहे. अनुवादाच्या पुस्तकात ती आज्ञा पुन्हा येते, तेव्हा कारण बदलते. तिथे इस्राएल लोकांना आठवण करून दिली जाते की मिसर देशात तुम्ही स्वतः गुलाम होता. म्हणून दास, दासी, परदेशी पाहुणा, एवढेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही तो दिवस मिळाला पाहिजे. मालकाने विसावायचे आणि दासीने राबायचे, अशी सुटी त्या आज्ञेत बसत नाही.

हा विचार आपल्या मातीतही रुजलेला आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारुम’ हे परिपत्र काढले आणि कामगाराला विश्रांती देणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे जगाला सांगितले. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले ते सांगताना याच परिपत्राची आठवण काढली होती.

समुद्रकाठी राहून आलेल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मासळीची वीण व्हावी, ती वाढावी, म्हणून कायद्यानेच समुद्राला उसंत दिली आहे. माशांसाठी आपण एवढा विचार करू शकतो. मग फडातल्या बाईला एक दिवसाचा खाडा माफ का होऊ नये?

कारखान्याचे आणि मुकादमाचे हिशेब तुमच्या-माझ्या हातात नाहीत, असे आपण म्हणू. ठीक आहे, आपल्या हातात काय आहे ते पाहू. चार महिने घर बंद होते, तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईंचा पगारही बंद झाला का? त्या तापाने दोन दिवस आल्या नाहीत, तर महिनाअखेर आपण ते दिवस कापतो का? कापत असू, तर तो आपल्या घरातला खाडाच होय. समुद्रकाठच्या त्या चार महिन्यांतही तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक पत्नीनेच केला असेल, तर सुटी नक्की कोणाला मिळाली? आणि गावी परतलेल्या ऊसतोड कुटुंबाची मुले आपल्या ओळखीतली असतील, तर बुडालेला अभ्यास भरून काढायला त्यांना कोण बसवते?

या प्रश्नांची उत्तरे द्यायला मोठा पैसा लागत नाही. बाईंना महिन्यातून चार भरपगारी सुट्या देणे, आजारपणाचे पैसे न कापणे, रविवारी एक वेळचा स्वयंपाक पुरुषांनी करणे, शेजारच्या मुलाला रोज तासभर शिकवणे, एवढे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

आपल्याला विश्रांती मिळाली असेल तर देवाचे आभार मानू या. आणि येत्या आठवड्यात आपल्यासाठी राबणाऱ्या एका तरी माणसाला ती मिळवून देऊ या.