मित्रधर्म आणि बिघडलेले यंत्र

मित्राच्या साहाय्यास धावून जावे, हे तत्त्व इतके सर्वमान्य आहे की त्याविषयी वाद घालण्याचे कोणास कारण पडत नाही. परंतु धावून गेल्यावर काय करावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न तितका सोपा नाही. आणि आमच्या मते नीतीचा खरा कस तेथेच लागतो. याचे उदाहरण शोधण्यासाठी पुराणांत जावयास नको. मित्राच्या घरचा जुना संगणक सुरू होत नाही आणि ‘जरा येऊन पाहता का?’ असा निरोप आला आहे, एवढा प्रसंग पुरेसा आहे.

यंत्रातले ज्याला थोडेबहुत कळते त्याला असे निरोप वारंवार येतात. यवतमाळ जिल्ह्यातील उन्हाळा, धूळ आणि विजेचा वरखाली होणारा दाब ही तिन्ही संगणकाची वैरीच होत. आणि तालुक्याच्या गावी कसबी कारागीर दर वेळी हाताशी असतोच असे नाही. तेव्हा स्नेह्यालाच कारागीर व्हावे लागते. मात्र या दोघांत एक भेद आहे. यंत्र चालू केले आणि मजुरी घेतली की कारागिराचे कर्तव्य संपले. स्नेह्याचा संबंध यंत्राशी नसून यंत्राच्या धन्याशी आहे. हा भेद विसरला की साहाय्याला अहंकाराची कीड लागते.

दिग्रस येथील आमच्या एका स्नेह्यांच्या संगणकाची गोष्ट घ्या. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. बटण दाबले की पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. स्मृतीची पट्टी, जिला रॅम म्हणतात, ती खाचेत नीट बसली नसेल तर तो तेथेच अडतो. वीज तोडून ती पट्टी काढावी, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलक्या हाताने पुसावी आणि पुन्हा बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र जागे होते. येथे ते झाले नाही. उलट आतून टक् टक् असा आवाज येऊ लागला.

हा आवाज ज्याला कळतो त्याने हात आवरावा. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटास हजारो फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांना स्पर्श न करता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरते. ती सुई बिघडली असेल, तर पुढच्या प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडा उठण्याचे भय असते. कधी नुसती वीज अपुरी पडल्यानेही असाच आवाज येतो. पण यांतले खरे कारण कोणते, हे पाहण्यासाठी यंत्र पुन्हा लावावे लागते, आणि धोका नेमका त्यातच असतो. आता त्या तबकडीवर होते काय? आमच्या स्नेह्यांच्या दिवंगत पत्नीने पुसदकडील लमाण तांड्यांतील स्त्रियांच्या तोंडून उतरून घेतलेली गाणी. कागदावर त्यांची दुसरी प्रत नव्हती.

अशा वेळी ‘आणखी एकदाच लावून पाहू’ हे वाक्य सहज जिभेवर येते. त्याचा उगम मैत्रीत नसून कुतूहलात असतो. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिग्रंथाच्या नवव्या भागात असे म्हटले आहे की, उपकृत मनुष्याचे उपकारकर्त्यावर जितके प्रेम असते, त्याहून उपकारकर्त्याचे उपकृतावर अधिक असते. कारण कारागिरास आपली कृती प्रिय असते, तसाच हा प्रकार. या निरीक्षणाची दुसरी बाजू अशी की, कृतीच्या मोहात ज्याच्यासाठी ती करावयाची तो मनुष्यच दृष्टीआड होऊ शकतो. यंत्रावर विजय आपला, आणि हानी मात्र मित्राची, हा कोठला न्याय?

म्हणून आम्ही यंत्र बंद ठेवून त्यांच्यापुढे दोन मार्ग मांडले. एक, बिघडलेल्या तबकडीतून मजकूर काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे ती पाठवावी. त्यात खर्च फार, आणि यशाची हमी नाही. दुसरा, घरीच प्रयत्न करावा. त्यात खर्च नाही, पण असेल नसेल ते जाण्याचा संभव. निवड त्यांची. दोन दिवसांनी त्यांनी पहिला मार्ग पत्करला, आणि नवा संगणक आला असता एवढी रक्कम त्या जुन्यापायी मोजली. बहुतेक गाणी परत मिळाली. मात्र उघडून पाहता अक्षरांच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसली. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत लिहिला जाई आणि तोच फाँट नसेल तर तो वाचता येत नसे. तो फाँट त्यांच्या कपाटातील एका जुन्या सीडीवर सापडला, आणि मग गाणी दिसू लागली.

‘जुने टाका, नवे घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी याचा विचार करावा. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या मार्गावर मँचेस्टर येथे 1921 साली घडलेले वाफेचे इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत गाडी ओढीत होते. याच्या उलट, विंडोज 10 या प्रणालीस कंपनीने देऊ केलेला सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि कित्येक धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. तेव्हा जुनेपण हा नेहमी वस्तूचाच दोष असतो असे नाही. अर्थात् जुन्याची पूजा करावी, असेही आमचे म्हणणे नाही. इंजिनही शेवटी निवृत्त झालेच. वस्तू ठेवावी की टाकावी, हे तिच्यात ज्याचे आयुष्य साठले आहे त्याने ठरवावे.

आणखी एक गोष्ट. बंद पडलेला संगणक दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे पत्रांची पेटी, हिशेबाची वही आणि कपाटाची किल्ली एकदम देणे होय. मित्राचे गुह्य झाकणे हे भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राचे एक लक्षण गणले आहे. ते झाकण्यापूर्वी, शक्य तोवर ते न पाहणे, हे लक्षण आमच्या काळात त्यास जोडले पाहिजे. हवी ती फाइल उघडावी, शेजारची उघडू नये.

सारांश, साहाय्याचे मोल हाताच्या कौशल्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते हात मागे घेण्याच्या शक्तीवर असते. दिग्रसचा तो संगणक आजही सुरू होत नाही, आणि त्याच्या धन्यास त्याची खंत नाही. ती गाणी आता तीन ठिकाणी ठेवलेली आहेत. त्यांतले एक ठिकाण कागद आहे.