शिखराअलीकडून परत फिरणें

हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर टाकणाऱ्या मनुष्यास आपल्यामध्यें कोणी चांगलें म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तथापि कधीं कधीं असा प्रसंग येतो कीं, पुढें जाणें हाच अपराध होतो आणि मागें फिरणें हेंच कर्तव्य ठरतें. तो प्रसंग ओळखावा कसा, या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका डोंगराच्या निमित्तानें करणार आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्हांस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत जाण्याचा योग आला. तेथें फोर्ट विल्यम गांवाजवळ बेन नेव्हिस नांवाचा खडकाळ पर्वत आहे. ब्रिटन बेटांत त्याहून उंच पर्वत नाहीं. त्याची उंची १,३४५ मीटर. म्हणजे आपल्या अकोले तालुक्यांतील कळसूबाईच्या १,६४६ मीटरांहून तीनशें मीटर कमीच. हें ऐकून तो आम्हांस सोपा वाटला, आणि तेथेंच आमची पहिली चूक झाली. कळसूबाईच्या पायथ्याचीं गांवें मुळांतच उंचावर वसलेलीं आहेत. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढूं लागते. शिवाय तो मुलूख इतका उत्तरेस आहे कीं, मे महिन्यांतही माथ्यावर बर्फ असूं शकतें. १८८३ पासून १९०४ पर्यंत त्या माथ्यावर एक वेधशाळा होती. तिच्या नोंदींवरून तेथील वर्षाचें सरासरी तापमान गोठणबिंदूच्या किंचित् खालींच भरतें, आणि वर्षास सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस व बर्फ पडतें. त्या वेधशाळेचें सामान तट्टांवरून नेण्यासाठीं जी वाट बांधिली, तिनेंच आजही बहुतेक लोक चढतात.

आमच्या बरोबर दोन तरुण विद्यार्थी व एक साठी उलटलेले गृहस्थ होते. तिघेही आपल्याच देशाचे. दुपारीं दोन वाजतां जेथें असूं तेथून परतावयाचें, असें निघतांना ठरलें होतें. सकाळीं आकाश स्वच्छ होतें. अर्ध्या वाटेवरील तळें मागें टाकून आम्ही सुट्या दगडधोंड्यांच्या नागमोडी वाटेस लागलों. सुमारें हजार मीटर उंचीवर ढगांनीं आम्हांस घेरलें. बारीक पाऊस व बोचरा वारा सुरू झाला, आणि दहा हातांपलीकडचें दिसेना. त्या वेळीं घड्याळांत साडेबारा वाजले होते.

वृद्ध गृहस्थ मागें पडूं लागले होते. एका मोठ्या धोंड्याजवळ ते बसले आणि म्हणाले, “माझ्यापायीं तुम्ही थांबूं नका. मी येथें आडोशास बसतों. तुम्ही शिखर पाहून या. मग सर्व मिळून उतरूं.”

तरुणांपैकीं एक म्हणाला, “काका स्वतःच सांगताहेत. वेळही आहे.” खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें बोलणें गोड लागलें. इतकें चढलेलें व्यर्थ जावें असें कोणास वाटतें? इतक्यांत वृद्ध गृहस्थ कोटाचीं बटणें लावूं लागले, आणि त्यांना तीं लावतां येईनात. बोटें त्यांचें ऐकेनाशीं झालीं होतीं.

अशा ठिकाणीं ओल्या कपड्यांतून वारा अंगांतील ऊब हिरावून नेतो. चालणाऱ्याचें शरीर ऊब निर्माण करीत असतें. बसलेल्याचें तितकी करीत नाहीं. प्रथम अंग कांपतें, मग बोटें जड होतात, पुढें बुद्धि मंदावते. आणि गारठा फारच वाढला म्हणजे कांपणेंही थांबतें व मनुष्य ‘मी बरा आहें’ असें म्हणूं लागतो. तेव्हां त्या गृहस्थांनीं दिलेली परवानगी ही कोणी दिली? त्यांच्या औदार्यानें दिली, हें खरें. परंतु पुढें त्यांची बुद्धिच गारठूं लागली असती, तर ती परवानगी परत घेण्याचें सामर्थ्यही त्यांच्यांत उरलें नसतें.

येथें आम्हांस एक गोष्ट उमगली. दुसऱ्यानें आपल्यासाठीं त्याग करूं म्हटलें, म्हणून तो स्वीकारण्याचा अधिकार आपणांस मिळतोच असें नाहीं. देणाऱ्याचें मन थोर असेल. तेवढ्यानें घेणाऱ्याचें कृत्य थोर होत नाहीं. शिवाय त्या माथ्याच्या उत्तरेस सुमारें ७०० मीटर खोल कडे आहेत. धुक्यांत आम्ही वाट चुकलों असतों, तर आम्हांस शोधावयास त्या मुलखाचें बचावपथक आलें असतें. अशा पथकांतील माणसें बहुधा आसपासच्या गांवचींच असतात, आणि वेतन न घेतां रात्रीं-अपरात्रीं डोंगरावर जातात. त्यांची परवानगी तर आम्हीं विचारलीच नव्हती.

आम्ही परत फिरलों.

संध्याकाळीं खालीं पोहोंचलों तों ढग पांगले, आणि सबंध पर्वत उन्हांत झळकूं लागला. तरुण आमच्याकडे पाहूं लागले. ते कांहीं बोलले नाहींत. पण ‘आणखी थोडें थांबलों असतों तर!’ हे शब्द त्यांच्या डोळ्यांत होते. आमच्याही मनांत तेच होते. पुष्कळ दिवसांनीं आम्हांस त्याचें उत्तर सांपडलें. निर्णयाची पारख मागाहून पडलेल्या उन्हानें करावयाची नसते. निर्णय घेतांना जें ठाऊक होतें त्यानेंच करावयाची असते. आंधळेपणानें पुढें गेलेला एखादा सुखरूप परततो, म्हणून तो शहाणा ठरत नाहीं.

परंतु दुसरी चूक याहून वाईट झाली. मायदेशीं परतल्यावर लोक विचारीत, “तो पर्वत चढलांत काय?” आम्ही म्हणत असूं, “हो, चढलों.” शब्द खोटे नव्हते; पण ऐकणाराची जी समजूत होई ती खोटी होती, आणि ती आम्ही होऊं देत होतों. सर ह्यू मन्रो यांनीं स्कॉटलंडांतील ३,००० फुटांवरील शिखरांची यादी १८९१ मध्यें प्रसिद्ध केली. आजच्या यादींत अशीं २८२ शिखरें आहेत, आणि त्यांस ‘मन्रो’ म्हणूनच ओळखतात. पण १९१९ मध्यें मन्रो वारले तेव्हां स्काय बेटावरील एक दुर्गम सुळका त्यांचा चढावयाचा राहिलेलाच होता. यादी ज्यानें केली त्याचीच चढाई अपुरी राहिली, आणि त्यानें त्याच्या नांवास कांहीं उणेपणा आला नाहीं. मग आम्हांसच ‘शिखर राहिलें’ हे दोन शब्द उच्चारण्याची लाज कां वाटावी?

कोणी म्हणेल, अशा उपदेशानें माणसें भ्याड होतील. शंका रास्त आहे. भ्याडपणा व विवेक हे बाहेरून सारखेच दिसतात. दोघांचीही पाठ शिखराकडेच असते. भेद ओळखावयाचा तो असा: मागें फिरल्यानें कोण वांचतें? केवळ माझे कष्ट वांचत असतील आणि माझें ओझें दुसऱ्यावर पडत असेल, तर तें पळून जाणें होय. माझ्या यशाची किंमत दुसरा भरणार असेल आणि ती त्यास भरावी लागूं नये म्हणून मी फिरत असेन, तर तें कर्तव्य होय. विहीर खणतांना दरड ढांसळूं लागली असतां, ‘आणखी चार हात खणलें कीं पाणी लागेल’ म्हणून मजुरास खालीं ठेवणाऱ्या मालकास आपण धैर्यवान् म्हणत नाहीं. स्वतः खालीं उतरला असतां तो काय बोलता, हें आपण जाणतों.

पर्वत आपल्या जागीं आहे. वृद्ध गृहस्थही सुखरूप आहेत, आणि भेटले म्हणजे आपल्या कोटाच्या बटणांवरून स्वतःच हांसतात. आतां आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही सांगतों: हजार मीटर चढलों, शिखर राहिलें.