पेपर कोण काढतं?

यंदा मे महिन्यात कराडला ताईकडे गेलो, तर भाचीने दोन कागद पुढ्यात ठेवले. एक गुळगुळीत, जाडजूड माहितीपत्रक: अभिमत विद्यापीठ, बीबीए, काचेची इमारत, हिरवळीवर हसणारी सहा मुलं. दुसरा कागद म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या अनुदानित कॉलेजच्या बी.कॉम.च्या फीची झेरॉक्स, शिक्का अर्धवट उठलेला. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी माहितीपत्रक मागच्या बाजूने उघडलं, कारण फी शेवटच्या पानांत असते हे त्यांना बरोबर ठाऊक. इकडे वर्षाला काही हजार, तिकडे काही लाख, शिवाय हॉस्टेल आणि मेस वेगळी.

"मामा, तू दोन्हीकडे शिकवलंयस. तूच सांग."

शिकवलंय खरं. 28 वर्षं एका संलग्न कॉलेजात वाणिज्य, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं एका अभिमत विद्यापीठात तासिका तत्त्वावर. म्हटलं, आधी एवढंच विचार की पेपर कोण काढतं. ती हिरमुसली. तिला प्लेसमेंट ऐकायचं होतं.

आपण 'विद्यापीठ' म्हणतो खरं, पण बहुतेकांचा विद्यापीठाशी संबंध हॉल तिकीट आणि मार्कलिस्ट यांपलीकडे येत नाही. भेटतं ते कॉलेज. ही सोय आजची नाही. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि ते लंडन तेव्हा स्वतः शिकवत नव्हतं; परीक्षा घेऊन पदवी देत होतं. शिकवायचं कॉलेजांनी, जोखायचं विद्यापीठाने. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये आलं, त्याच्या आधीच 1943 मध्ये पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय उभं होतं. मुंबईचं सिडनहॅम तर 1913 चं; डॉ. आंबेडकर तिथे 1918 ते 1920 या काळात अर्थशास्त्र शिकवत होते. चर्चगेटची सिडनहॅमची इमारत जागेवरच आहे, पण 2019 पासून तिच्या डोक्यावर मुंबई विद्यापीठ नाही, डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ आहे. म्हणजे विद्यापीठ बदलतं, कॉलेज राहतं.

शिकवणारा वेगळा आणि जोखणारा वेगळा असला की काय होतं, ते मी कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रावर, पाहिलंय. लांबलचक हॉल, बंद पडलेला एक पंखा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बारकोडखाली झाकलेली नावं. एका वर्षी प्रश्न होता, उद्योजकाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. एका मुलाने पाठ्यपुस्तकातली यादी सोडून गावातल्या गुऱ्हाळवाल्याबद्दल दीड पान लिहिलं होतं: गूळ कधी विकायचा, कधी अडवून ठेवायचा, उधारी कुणाला द्यायची. मॉडेल उत्तरात आठ मुद्दे. त्यातले दोन त्याच्या लिहिण्यात सापडले. मी शेजारच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे हो, पण मुद्दे कुठायत?" मी दोन मुद्द्यांचेच मार्क दिले. तो मुलगा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

पण या दुराव्याचा एक फायदा आहे, तो लोक विसरतात. पेपर परका असला की शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. कोण कुणाचा पुतण्या, हे बारकोडला कळत नाही. बाहेर त्या पदवीला जी किंमत आहे, ती यामुळेच.

अभिमत विद्यापीठात पेपर मी काढला, मीच तपासला. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! एक अख्खी सहामाही मी मुलांना किराणा दुकानांच्या उधारीच्या वह्यांवर काम करायला लावलं. त्यातल्या दोघी-तिघींनी जे लिहून आणलं, ते मला 28 वर्षांत वाचायला मिळालं नव्हतं. मात्र सहामाहीअखेर चौघांना नापास केलं, तेव्हा ऑफिसातून गोड आवाजात विचारणा झाली: सर, असाइनमेंटमध्ये काही बघता येईल का? जिथे शिकवणारा, जोखणारा आणि फी घेणारा एकाच छपराखाली असतात, तिथे नाही म्हणायला कणा लागतो. काही ठिकाणी तो असतो. माहितीपत्रकात त्याचा फोटो नसतो.

पदवीच्या नावाला तर मी फारसं मोजतच नाही. 2024 मध्ये बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्यात त्यांना सीईटी लागली, आणि बऱ्याच कॉलेजांनी पाटी बदलून 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' केलं. वर्ग तेच, मास्तर तेच.

राहिलं प्लेसमेंट. भाचीला वहीच्या मागच्या पानावर गणित घालून दिलं. दहा मुलं. नऊ जणांना पाच-पाच लाख, एकाला पंचेचाळीस. सरासरी किती? "नऊ लाख," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसली, कारण नऊ लाख त्यात कुणालाच नव्हते. दाजी दुकानातून वर आले होते. ते म्हणाले, "आणि अकरावा?" अकरावा म्हणजे ज्याने नावच नोंदवलं नाही, तो. इतका नेमका प्रश्न मी शिक्षकांच्या मीटिंगमध्येही ऐकलेला नाही.

त्यांचं स्वतःचं मत बी.कॉम.कडे झुकलेलं. पुण्यात कॉमर्सचे तास बऱ्याच ठिकाणी सकाळीच उरकतात. उरलेला दिवस मुलीचा. सीए करायचं तर आर्टिकलशिपही आता तीनाऐवजी दोन वर्षांची. मला हे पटतं, पण अर्धंच. मोकळी दुपार कामाला लावणारं कुणी असेल तर ती सोनं. नाहीतर मोबाईल आहेच. भाचीला मी नीट ओळखतो. तिला पाठीशी कुणीतरी विचारणारं लागतं. त्यामुळे पेपर स्वतः काढणारा, पण नापासही करू शकणारा मास्तर मिळत असेल तर कर्ज काढायलाही माझी ना नाही.

"मग ते कळायचं कसं?"

मी म्हटलं, दोन्हीकडे मागच्या तीन वर्षांचे पेपर माग. जुन्या कॉलेजचे अप्पा बळवंत चौकात संच बांधून मिळतात. तिच्या मैत्रिणीने संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवले. उद्योजकाची वैशिष्ट्ये अजून तिथेच होती. दुसरीकडे तिने फोन लावला, स्पीकरवर. बाई अदबीने बोलत होत्या.

"पेपर आम्ही देत नाही, मॅम. तुम्हाला कॅम्पसचा व्हिडिओ पाठवू का?"