प्रतिसृष्टीचा धर्म

माणसाने रचलेल्या जगाला सत्यत्व किती आणि त्या जगाची जबाबदारी रचणाऱ्यावर किती, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाला जुनाच आहे. रोलप्लेइंग गेम, म्हणजे भूमिका-खेळ, या आधुनिक प्रकाराने तो नव्याने उभा केला आहे. या खेळात एक जण सूत्रधार होऊन कल्पित जगाचा भूगोल, इतिहास, दैवते आणि नियम रचतो, बाकीचे खेळाडू त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेऊन आपापले निर्णय सांगतात, आणि निर्णयाचे फळ अनिश्चित असेल तेथे फासा टाकून ते ठरवले जाते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार जगभर पसरला. कादंबरीकारही जग रचतो, परंतु त्याची पात्रे अखेर त्याच्याच इच्छेने चालतात. सूत्रधाराच्या जगात दुसऱ्या माणसांच्या स्वतंत्र इच्छा वस्तीला येतात, आणि त्यामुळे येथे केवळ रचनेच्या कौशल्याचा विचार पुरत नाही, रचणाऱ्याच्या धर्माचाही विचार करावा लागतो.

अशा निर्मितीसाठी मराठीत रुळलेला ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द विश्वामित्राच्या कथेची आठवण वागवतो. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात सदेह स्वर्गात जाऊ पाहणाऱ्या त्रिशंकू राजाला इंद्र खाली लोटतो, तेव्हा विश्वामित्र त्याला आकाशात मध्येच थोपवतो, दक्षिण दिशेला नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रे निर्माण करतो आणि दुसरा इंद्रही घडवायला सिद्ध होतो. अखेर देवांशी तडजोड होते आणि नवी नक्षत्रे कायम राहतात, मात्र ज्योतींच्या रूढ मार्गाबाहेर. या कथेत प्रतिसृष्टीला कोणी खोटी म्हणत नाही, फक्त तिची मर्यादा आखून दिली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्याच्यासाठी हे सारे आकाश उभे राहिले तो त्रिशंकू तेथे खाली डोके वर पाय अशा अवस्थेत कायमचा राहिला. विश्वामित्राने त्रिशंकूला दिलेला शब्द खरा ठरला, पण त्या जगाच्या एकुलत्या एका रहिवाशाला पुढे जाण्याची वा मागे फिरण्याची वाट कोणी ठेवली नाही.

रचलेल्या जगातील सुखदुःख खरे की खोटे, याचे उत्तर चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त सापडते. तिच्या द्वैतविवेक या प्रकरणात ईशसृष्टी, म्हणजे ईश्वराने निर्मिलेले पदार्थ, आणि जीवसृष्टी, म्हणजे त्या पदार्थांवर जीवाने उभारलेले अर्थ आणि ममत्व, असा भेद केला आहे. परदेशी गेलेला मुलगा सुखरूप असतानाही तो वारल्याची खोटी वार्ता ऐकून बाप रडतो, आणि मुलगा खरोखर वारला असूनही वार्ता पोचली नाही तर रडत नाही. यावरून जीवाला बांधणारी सृष्टी त्याच्या मनातली असते, असा निष्कर्ष विद्यारण्य काढतात. हाच न्याय भूमिका-खेळाला लावला तर खेळातले राज्य कल्पित असले तरी ते गमावल्याचे दुःख जीवसृष्टीतले म्हणून प्रत्यक्षच ठरते, आणि ते देणारा सूत्रधार ‘हा तर खेळ’ एवढे म्हणून मोकळा होत नाही. वेदान्तविचार मराठीत प्रथम आणणाऱ्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना भंडारा जिल्ह्याच्या सीमेवरील, वैनगंगेकाठच्या अंभोऱ्यास झाली, असे विदर्भातील परंपरा मानते.

त्याच भंडारा परिसरात रचलेल्या जगाचे एक लहानसे पण पूर्ण उदाहरण दरवर्षी पाहायला मिळते. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक कवने, म्हटल्या जातात आणि घरोघरी बैलांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार नेतात. आदल्या दिवशी जिने खऱ्या बैलाच्या कपाळी कुंकू लावले तीच घरधनीण लाकडी बैलाच्या कपाळीही कुंकू टेकवते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ वा पैसे, ठेवते. लाकूड चारा खात नाही हे दोघांनाही माहीत असते, तरी त्या क्षणी दोघांपैकी कोणीही हसत नाही. उलट निश्चय मनात असताना स्वेच्छेने धारण केलेल्या अशा ज्ञानाला न्यायशास्त्र आणि अलंकारशास्त्र ‘आहार्य’ म्हणतात. ते भ्रमाहून वेगळे असते, कारण भ्रमात माणूस फसलेला असतो आणि आहार्यात तो जाणूनबुजून सहभागी झालेला असतो. कल्पित जग अशा परस्परसंमतीवर उभे असते, म्हणून ते असत्यभाषणाच्या दोषात मोडत नाही. पण एकाने जरी ती संमती मोडली तरी ते तत्क्षणी कोसळते.

संमती देणाऱ्यांना त्या जगात काय मिळावे, हा पुढचा प्रश्न. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वराची निर्मिती ही लीला, म्हणजे कोणत्याही गरजेपोटी न केलेली सहज क्रीडा, असल्याचे सांगून लगेच एक आक्षेप विचारात घेतला आहे: जगात कोणी सुखी आणि कोणी दुःखी असेल तर निर्माता पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? त्यावरचे उत्तर असे की, ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून, म्हणजे ते लक्षात घेऊनच फळ देतो, त्यामुळे हा दोष त्याला लागत नाही. लीलेला लागूनच न्यायाचा विचार यावा, हा क्रम अर्थपूर्ण आहे, कारण निर्मिती गरजेपोटी नसली तरी मनमानी असून चालत नाही. सूत्रधारालाही हेच बंधन लागू पडते. त्याने फासा मानावा, स्वतः घातलेला नियम आवडत्या पात्रासाठी वाकवू नये, आणि खेळाडूने केलेल्या कर्माचे फळ, आपण स्वतः योजलेली कथा त्यामुळे मोडली तरी, त्या जगात उमटू द्यावे.

हे बंधन जगाच्या भूगोलापासूनच पाळावे लागते. भंडाऱ्याच्या मातीतून कोणी कल्पित जग रचू म्हणेल तर त्याला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, पवनीच्या टेकडीखाली उत्खननात सापडलेला प्राचीन बौद्ध स्तूप अशी भरघोस सामग्री हाताशी आहे. मात्र तलाव नकाशावर निळ्या रंगाने भरून भागत नाही. त्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जाते आणि शेवटच्या बांधीपर्यंत पोचते की नाही, हे ठरवावे लागते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली; त्या धरणाने शेतीला पाण्याची आशा दिली आणि अनेक गावांना आपली जागाही सोडायला लावली. कल्पित नदीवर धरण बांधणाऱ्या सूत्रधाराने बुडणाऱ्या गावाला नाव दिले, तेथल्या माणसांना बोलू दिले आणि त्यांचे म्हणणे खेळाचा ओघ बदलू शकेल अशी जागा ठेवली, तर त्याच्या जगात न्यायाला आधार मिळतो. ती जागा नसेल, तर ती माणसे त्रिशंकूसारखीच टांगलेली राहतात.

म्हणून नवे जग रचणाऱ्याची परीक्षा त्याच्या आकाशात किती तारे आहेत यावर होत नाही. त्या आकाशाखाली राहायला आलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या पायांवर उभे राहून आपली वाट निवडता येते काय, आणि त्या निवडीपुढे रचणारा स्वतःचा हट्ट सोडतो काय, हे पाहावे लागते. विश्वामित्राजवळ तपाचे अफाट सामर्थ्य होते. तरी लाकडी बैलाला कुंकू लावण्यासाठी दाराशी वाकणारी घरधनीण दुसऱ्याच्या जगाला जो मान देते, तो त्याच्या प्रतिसृष्टीत त्रिशंकूच्या वाट्याला आला नाही.