बिबट्याचं ताट कोण वाढतं?

दसरा उलटला की भिंगारमधून जाणाऱ्या पाथर्डी रस्त्यावरची रात्रीची वर्दळ वाढते. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यांच्या पायाशी भांडीकुंडी, ताडपत्र्या, धान्याची पोती, डालग्यात कोंबड्या, एखादी शेळी. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून निघालेले हे ऊसतोड कामगार भिंगार ओलांडून नगरला लागतात आणि तिथून राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, जुन्नरच्या वाटांना फुटतात. पुढचे पाच महिने त्यांचा मुक्काम उसाच्या बांधाला, कोपीत. त्या उसात त्यांच्या आधीपासून आणखी एकाचं बिऱ्हाड असतं. कोयता चालायला लागला की ते हलतं.

बिबट्या गावात दिसला की प्रश्न ठरलेला असतो: हा इथं आलाच कसा? उत्तरही ठरलेलं: जंगल तुटलं, हरणं संपली, बिचारा भुकेपोटी माणसांत आला. ऐकायला हे सुसंगत वाटतं, त्यात थोडी कणवही असते. नगर जिल्ह्यातल्या प्रवरा नदीच्या खोऱ्यात मात्र ते बहुतांशी चुकीचं आहे. इथला बिबट्या कुठून आलेला नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो आणि उपाशी तर मुळीच नसतो. तेव्हा तो का आला हे विचारण्यापेक्षा तो कुठं, कोणत्या महिन्यात आणि काय खातो हे विचारलं, तर हाती काहीतरी लागतं.

निदान एका तालुक्यापुरतं हे उत्तर लिहून ठेवलेलं आहे. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने गोळा केले. नक्की बिबट्याचेच असे ८५ नमुने हाती लागले. खाल्लेल्या प्राण्याचं मांस पचतं, केस पचत नाहीत. ते धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की केसावरच्या खवल्यांच्या नक्षीवरून प्राणी ओळखता येतो. त्यात एक हिशेब मात्र सांभाळावा लागतो. लहान प्राण्याच्या अंगावर मांसाच्या मानानं केस जास्त, त्यामुळे नुसते केस मोजले तर बिबट्या उंदीर-घुशींवरच जगतो असं वाटेल. म्हणून केसांवरून खाल्लेल्या मांसाचं वजन काढतात. हा हिशेब मांडल्यावर बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. उरलेल्यात उंदीर-घुशी, जवादी मांजर, मुंगूस, माकडं, पक्षी. हरणाचा एक केसही नाही.

यातली खरी बातमी शेळीची आहे. त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, आणि आहारात त्यांचा वाटा निघाला फक्त ११ टक्के. शेळी चविष्ट नाही म्हणून नव्हे. शेळी दिवेलागणीला गोठ्यात जाते, तिच्यामागे दार लागतं. कुत्रा रात्रभर उघड्यावर फिरतो, आणि बिबट्या रात्रीच निघतो. घरातली मांजरंसुद्धा शेळी-वासरांपेक्षा जास्त नमुन्यांत सापडली. बिबट्याची आवड काय, यापेक्षा कोणाच्या गोठ्याला दार आहे, यानं त्याचं जेवण ठरतं.

शेळीचं दुःख मात्र या टक्केवारीत मावत नाही. भूमिहीन बाईच्या दोन शेळ्यांपैकी एक गेली तर तिच्या लेखी तो आकडा ५० टक्के असतो. बेवारशी कुत्र्याचा पंचनामा कोणी करत नाही, शेळीचा होतो. म्हणून सरकारी कागदांत बिबट्या शेळ्यांवर जगणारा दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्यांवर. धोरणं कागदांवरून ठरतात.

कुत्रे आहेत कारण कचरा आहे. कोंबडीच्या दुकानामागची घाण, हॉटेलांचं खरकटं, गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरं. बिबट्याच्या ताटातला सगळ्यात मोठा घास असा गावानंच वाढलेला असतो.

हे ताट मांडायला एक शतक लागलं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी अवर्षणाच्या मुलखात उतरलं, आणि जिथं कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली गाळपाला लागला. पुढं जिल्हाभर कारखाने झाले. उसाबरोबर वस्त्या शेतात गेल्या. प्रत्येक वस्तीला दोन गाई, चार शेळ्या, राखणीला कुत्रा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. आत गारवा, पाटाचं पाणी, माणसाची चाहूल नाही. डोंगरातल्या करवंदीच्या जाळीत बिबट्याला याहून वेगळं काय मिळत होतं? अकोल्यात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, तितकेच तरस. त्याच भागात माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक होती. कित्येक राखीव जंगलांना लाजवील अशी ही घनता आहे, आणि तिथं जंगल म्हणावं असं काही नाही.

दूरच्या समुद्रातलं एक उदाहरण इथं उपयोगी पडतं. फर सील हा केसाळ कातड्याचा सागरी प्राणी. त्याचं अन्न शोधण्याची रीतही हीच: किनाऱ्यावरची विष्ठा चाळायची आणि माशांच्या कानातले खडे वेचायचे. खड्याच्या आकारावरून माशाची जात कळते. दक्षिण जॉर्जिया बेटावरचे सील मुख्यतः क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या बारीक जीवावर जगतात. त्याच जातीचे केर्गेलेन बेटावरचे सील खोल पाण्यातले चमकणारे दिवामासे खातात. उत्तरेतल्या बेरिंग समुद्रात उन्हाळ्यात पोलॉक माशावर ताव मारणारे फर सील हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या बाजूला उतरले की त्यांच्या पोटात अँकोव्ही आणि माकूळ सापडतात. दक्षिण जॉर्जियात एखाद्या वर्षी क्रिल कमी झालं की त्या वर्षी पिल्लंही कमी जगतात. सील काय खातो, या प्रश्नाला त्यामुळे एकच उत्तर देता येत नाही. बेटाचं नाव आणि महिना आधी सांगावा लागतो. बिबट्याच्या बाबतीत महाराष्ट्र अजून एकच उत्तर धरून बसला आहे.

ताडोबाच्या रानात वाघाच्या सावलीत राहणारा बिबट्या चितळाची पिल्लं, वानर, रानडुक्कर यांवर जगतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याला चितळ-सांबर आहेत आणि उद्यानाच्या कडेच्या झोपडपट्ट्यांतले कुत्रेही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की ते वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्रे खातात आणि त्यामुळे माणसांना कुत्रा चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळतात. अंदाज तो अंदाजच, पण रेबीजची लस देणाऱ्या देशानं त्याकडे पाहायला हरकत नसावी. नगरच्या माळरानावर लांडग्याचंही तेच. धवळपुरीसारख्या गावांतले धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि मिरगाच्या सुमाराला परततात. लांडग्याच्या वाट्याला येणारं अन्न या ये-जा करणाऱ्या कळपांबरोबर वाढतं आणि घटतं. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट राखले गेले, तर लांडग्याला तोही पर्याय राहतो.

नगरच्या बिबट्याचा हंगाम कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. पावसाळ्यात ऊस, मका, बाजरी सगळंच उंच असतं, आडोसा सगळीकडे असतो, आणि बिबट्या कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गाळप सुरू झालं की आडोसा फडाफडानं नाहीसा होऊ लागतो. नेमक्या त्याच वेळी रानात नवी वस्ती येते: उघड्या कोपी, बाहेर बांधलेली शेळी, खरकट्याभोवती जमलेले कुत्रे, पाचटात झोपवलेलं लेकरू. निवारा आटतो आणि ताट भरतं, ते एकाच जागी, एकाच महिन्यात. फड तोडताना पिल्लं सापडतात तीही याच दिवसांत. जाणते लोक ती पिल्लं हलवत नाहीत. वनखात्याची माणसं क्रेटमध्ये ठेवून रात्रभर वाट पाहतात आणि बहुतेकदा आई येऊन एकेक उचलून नेते. उन्हाळ्यात उभा ऊस थोडा उरतो, बिबटे त्या तुकड्यांत दाटतात, आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडल्याच्या बातम्या येतात.

अशाच एका विहिरीतून २००९च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्कर नर काढला गेला. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. भिंगारवरून जाणारा हाच रस्ता टाकळीवरून माळशेजला जातो. माणसांनी त्याला रस्त्यानं नेलं, पुढची वाट त्यानं स्वतःची धरली. साधारण १२० किलोमीटर चालून, रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो मुंबईच्या उद्यानाशी पोचला. वाटेत माणसाला ओरखडाही नाही. त्याचं नाव ‘आजोबा’ पडलं, पुढं त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. तो मेला २०११ मध्ये, वाहनाच्या धडकेनं.

सगळ्याच स्थलांतरांची गोष्ट इतकी गोड नाही. जुन्नरमध्ये १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. २००१ पासून बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली आणि सरासरी १७ वर गेली. ओळखीचा मुलूख, ओळखीचं ताट हिसकावलं की प्राणी बावरतो. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो, कारण कुत्रे तिथंच असतात. एवढा अनुभव गाठीशी असताना २०२५ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी कल्पना मांडली ती जंगलात शेळ्या सोडण्याची, म्हणजे बिबटे गावाकडे फिरकणार नाहीत. हेतू वाईट नसेल. पण ज्याला उसात कुत्रा मिळतो तो शेळीसाठी घाट का चढेल? आणि जंगलात जेवण वाढलं तर जंगलातले बिबटे वाढतील, उसातले कमी होणार नाहीत. देशपातळीवरच्या २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे दाखवले आहेत, तेही मुख्यतः जंगलपट्ट्यातले. उसातल्यांची गणना त्यात नाहीच.

यावर सोयीचा आशावाद धरण्यातही अर्थ नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांत तिघांचे जीव गेले, त्यांत दोन मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्यापुढे विष्ठेतल्या केसांचे आकडे ठेवणं हा उद्धटपणा ठरेल. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या हटवावाच लागतो. अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस साजरी करतात, वाघोबाला मान देतात. तो मान त्याच्यासोबत राहण्याच्या सवयीतून आला आहे, आणि त्या सवयीत अंधारात बांधाला एकटं न बसणं, गुरं बंद ठेवणं हेही येतं. बीडहून पहिल्यांदा प्रवरेकाठी आलेल्या बाईला ती सवय कोणी शिकवली? बागायतदाराचा गोठा जाळीबंद झाला, त्याची शेळी वाचली. कोपीला दारच नसतं, ताडपत्रीचा पडदा असतो. ज्यांनी हे ताट मांडलं नाही, त्यांची लेकरं त्या ताटाच्या सगळ्यात जवळ झोपतात.

जागा आणि महिना कळला की निम्मं काम होतं, आणि आश्चर्य असं की ही माहिती आधीच लिहिलेली असते. कोणाच्या गटात किती ऊस, लागण कधीची, तोड कोणत्या आठवड्यात, कोणती टोळी कुठं उतरणार, हे सगळं साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे आणि गावात तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, म्हणजे चिटबॉयच्या वहीत असतं. कोणता आडोसा कधी तुटणार याचं यापेक्षा चांगलं वेळापत्रक कुठल्याही वन्यजीव संस्थेकडे नाही. त्या याद्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी जुळवल्या, टोळी उतरण्याआधी त्या जागी चार पत्र्यांची बंद खोली, दिवा, संडास आणि शेळ्यांना जाळीचं खुराडं उभं केलं, तोड एका कडेनं सुरू करून दुसरी कड मोकळी ठेवली, आणि गावानं कुत्र्यांची नसबंदी व कोंबडीचा कचरा यांकडे पाणीपट्टीइतकंच लक्ष दिलं, तर यातल्या कशालाही पिंजरा लागत नाही. खर्च लागतो, आणि तो टनामागे काही रुपयांनी कारखान्यानंच उचलायला हवा. ऊस त्याचा आहे, टोळीही त्यानंच बोलावलेली आहे. पुढच्या दसऱ्याला भिंगारवरून ट्रक जायला लागतील, त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या सभासदानं वार्षिक सभेत उठून एवढंच विचारावं: आपल्या तोडणी कार्यक्रमाची एक प्रत वनखात्याला गेली आहे का?