फॉर्म भरणाऱ्यांचे मत

शिकवणे कसे झाले, हे विद्यार्थ्यांनाच विचारण्याची पद्धत आता महाविद्यालयांत रुळली आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ने 2017च्या नव्या मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला जागा दिली. मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर गेले, तेव्हा त्या वर्गांविषयीचे मतही मोबाइलवरच मागितले गेले. घोळ तिथेच आहे.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या खेड्यातला बी.ए.चा एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसा वडिलांसोबत वावरात. सोयाबीनची सोंगणी सुरू असली तर पोरगाही तिथेच. धुऱ्यावर उभे राहून तो तासाला बसतो. "सर, आवाज नाही येऊन राहिला" म्हणेपर्यंत रेंज जाते. नंतर तासाच्या दर्जाविषयी गूगल फॉर्म येतो. तो भरणार कोण? ज्याला तास ऐकू आला तो! राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2017-18 मध्ये ग्रामीण भारतातल्या जेमतेम 15 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. मग 'समाधानी' रकान्यातली टक्केवारी शिकवण्याची म्हणायची की टॉवरची?

म्हणून विद्यार्थ्यांची पारखच खोटी ठरत नाही. स्लाइड देखणी होती का, याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नसते. रात्री ग्रुपवर टाकलेल्या शंकेला सकाळपर्यंत उत्तर आले का, वहीच्या पानाचा फोटो सरांनी तपासला का, याला असते. बुडालेला तास दोन मिनिटांच्या ध्वनिफितीत सांगणारे शिक्षक अशा मुलाला तासभराच्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतात. ती फीत उरलेल्या डेटात उतरते, वडील घरी आल्यावर ऐकता येते.

आणीबाणीचे शिकवणे आणि आखलेले ऑनलाइन शिक्षण एकाच मापाने मोजू नये, असे शिक्षणतंत्रज्ञानाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च 2020 मध्येच बजावले होते. ते रास्त आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 पासून दूरशिक्षणाचीच घडी बसवत आले. इतरांना ती रातोरात बसवायची होती. पण राज्यातली महाविद्यालये सर्वत्र उघडायला 20 ऑक्टोबर 2021 उजाडला. पहिल्या महिन्याची सबब दुसऱ्या वर्षालाही कशी चालेल?

दर्जा ठरवायचा तर आधी गैरहजरांना गाठायला हवे: साध्या फोनवरून, गावातल्या मित्राकरवी, नाहीतर कागदावर. त्यांनी दिलेले गुण कमीच असतील. छापायचे तर तेच आधी छापा.