झोपलेल्या मांजराचा दोष काय?

मांजराच्या मिटलेल्या डोळ्यांवर आपला फार जुना राग आहे. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपल्या बोलण्यात येतं ते चोर म्हणूनच. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला जो निरोप धाडतो, त्यात गंगाकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. उंदीर भुलतात, त्याच्याच आश्रयाला जातात आणि हळूहळू कमी होत जातात. मनुस्मृतीने तर ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' असं नावच देऊन ठेवलं. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या पल्लव शिल्पपटावरही हे तपस्वी मांजर पुढचे पाय उंचावून उभं आहे आणि उंदीर आजूबाजूला आहेत. आज फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्यांची तक्रार साधी असते, पण सूर तोच. दिवसभर सोफ्यावर लोळतं आणि पहाटे चारला मुद्दाम उठवतं. आळशी आहे, लबाड आहे. ही तक्रार मुळात नैतिक आहे, म्हणून तिचं उत्तरही आधी नीतीच्या अंगाने शोधायला हवं. झोपेत दोष असतो का? आणि नसेल, तर ती बदलायला आपण कोण?

गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण जिवाला कशाने बांधतो ते सांगताना प्रमाद आणि आळस यांच्या पंगतीला झोपही बसवली आहे. या आधाराने मांजराला तामसी ठरवणं सोपं आहे, आणि ठरवलं जातंही. पण आपल्याच परंपरेने मनुष्ययोनीला कर्मयोनी म्हटलं आणि बाकीच्यांना भोगयोनी. ज्याला वेगळं वागण्याची निवडच नाही, त्याच्या नावावर पाप-पुण्य कसं चढणार? शिवाय सहाव्या अध्यायात अति झोपणं आणि अजिबात न झोपणं दोन्ही योगाला बाधक मानलं आहे. म्हणजे प्रश्न मापाचा आहे आणि माप देहागणिक बदलतं. मांजराचं माप साधारण बारा ते सोळा तासांचं. ते केवळ मांसावर जगणारं, दबा धरून झडप घालणारं जनावर. काही क्षणांच्या त्या झडपेला भरपूर ताकद लागते, म्हणून उरलेला वेळ ते ती राखून ठेवतं. त्याची झोपही सलग नसते, तुकड्यातुकड्यांची असते. शरीर सैल पडलेलं आणि कान मात्र स्वयंपाकघरातल्या डब्याच्या आवाजाकडे वळलेला, हे दृश्य मांजर पाळणाऱ्या कुणालाही ओळखीचं असेल. मांजर रात्रभर जागतं हाही गैरसमजच. त्याच्या अंगात वारं भरतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. पहाटे चारला उठवण्यात त्याचा सूड नसतो. त्याची वेळ झालेली असते, इतकंच.

यावर एक जोरदार आक्षेप येतो. दोष नाही, मान्य; पण मग आतही कुणी नाही असंच का म्हणू नये? देकार्तने प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं होतं. अद्वैती म्हणतात की गाढ झोपेतून उठलेला माणूस 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' असं सांगतो, त्याअर्थी त्या अंधारातही साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतात की ही आठवण नव्हे, उठल्यावर केलेलं अनुमान आहे. हा वाद माणसाच्या सांगण्यावर तरी उभा आहे. मांजर तेवढंही सांगत नाही. पण या शंकेला धक्का देणारा पुरावा फ्रान्समधल्या लिआँ शहरातून आला, आणि तो मांजरांकडूनच आला. 1959 मध्ये मिशेल जूव्हे यांनी दाखवलं की झोपेच्या एका टप्प्यात मांजराचा मेंदू जवळजवळ जागेपणीइतका सक्रिय असतो, पण स्नायू पूर्ण ढिले पडलेले असतात. या झोपेला त्यांनी विरोधाभासी म्हटलं. पुढे मेंदूच्या देठातला एक भाग निकामी केल्यावर ही ढिलाई येईना. तेव्हा झोपलेली मांजरं उठून उभी राहिली, दबा धरू लागली, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. खऱ्या वस्तूंकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एरवी घरातल्या मांजराच्या मिशा झोपेत थरथरतात, पंजाची बोटं आवळली जातात, शेपटीचं टोक उडतं, ते याच हालचालींचं गळून उरलेलं रूप असावं. याने स्वप्नाचा अनुभव काटेकोरपणे सिद्ध होत नाही. पण दुसऱ्या माणसाचं स्वप्न तरी आपण कुठे पाहिलेलं असतं? संशयाचा फायदा द्यायला एवढा पुरावा पुरतो.

त्याच संशोधनाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. या झोपेपासून मांजराला वंचित ठेवायचं तर काय करायचं? पाण्याच्या टाकीत एक कुंडी उलटी ठेवायची आणि तिच्या छोट्याशा बुडावर मांजराला बसवायचं. हलकी झोप तिथे बसल्या बसल्या लागते. स्नायू ढिले पडले की तोल जातो, अंग पाण्यात जातं आणि मांजर दचकून जागं होतं. पुन्हा वर चढतं, पुन्हा पेंगतं. कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, तरीही हे कृत्य क्रूर आहे हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. बृहदारण्यक उपनिषदात झोपलेल्याला एकाएकी जागं करू नये असा जुन्या लोकांचा इशारा नोंदवला आहे, आणि त्याच प्रकरणात गाढ झोप समजावताना उदाहरण घेतलं आहे ते दमून घरट्याकडे परतणाऱ्या ससाण्याचं. झोप हा प्राणिमात्राचा समाईक मामला आहे, हे त्या ऋषींनी गृहीतच धरलं होतं. म्हणून 'दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री झोपेल' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला त्या कुंडीचाच सौम्य भाऊ वाटतो. पेंगलेलं मांजर दर अर्ध्या तासाने हलवून जागं ठेवणं हे व्यवस्थापन नव्हे.

मग त्याला हातच लावू नये का? निसर्ग आहे, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, हीच अहिंसा, असं म्हणणारा एक पक्ष आहे. ऐकायला छान वाटतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या घरात निसर्ग कुठून येणार? जाळी ठोकली त्याच दिवशी ढवळाढवळ झाली. ती करावी लागतेच, कारण खाली रस्ता आहे आणि मांजर खिडकीतून पडतं. सहीह बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत एका बाईची हकीकत आहे, जिला मांजरामुळे नरक मिळाला. तिने मांजर कोंडून ठेवलं, त्याला खायला घातलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. या हकीकतीची धार दोन्ही गोष्टी एकत्र घडण्यात आहे. मोकळ्या मांजराला अन्न देण्याची सक्ती कुणावर नाही. कोंडलं की मात्र ते कर्ज होतं. हाच न्याय अन्नापुरता का थांबावा? शिकारीची धावपळ आपण काढून घेतली असेल, तर तिची भरपाई आपल्याकडेच निघते. उपाय त्यातूनच सापडतो. झोप मोडायची नाही, जाग भरायची. रात्री झोपण्यापूर्वी दोरीला पीस बांधून पंधरा मिनिटं पळवावं, शेवटी ते पीस खरोखर पकडू द्यावं आणि लगेच दिवसातलं शेवटचं जेवण वाढावं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम. पहिल्या दोन पायऱ्या आपण पुरवल्या की पुढच्या दोन ते स्वतः चढतं.

आता माणसाच्या झोपेचं काय? सकाळी साडेसहाची लोकल गाठणाऱ्याला अहिंसेतून वगळायचं कारण नाही. झोपायच्या खोलीचं दार लावणं मला मुळीच निर्दयपणाचं वाटत नाही, बाहेर पाणी, मातीचा ट्रे आणि उबदार जागा असली तर. ओरडण्याकडे दुर्लक्ष करणं थोडं अवघड आहे. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव म्यांव करतात. ती बोली बहुतांशी माणसासाठी राखलेली असते, म्हणून ती टाळताना अपराधी वाटतं. पण दहाव्या हाकेला उठून खाऊ दिला, तर दहा हाका मारायच्या असतात एवढंच आपण शिकवलेलं असतं. पहाटे खायला उठतच नाही असं ठरवायचं, तर घरातल्या सगळ्यांनी रोज तसंच वागायला हवं. आजीने चोरून बिस्किट दिलं की मांजर दुप्पट चिकाटीने परत येतं. पाण्याचा फवारा किंवा चापटी मात्र वर्ज्य. ज्याच्या वागण्यात दोषच नाही त्याला शिक्षा देण्यात न्याय नाही, आणि मांजर त्यातून फक्त माणसाला घाबरायला शिकतं.

राहिला समाधानी लोकांचा आक्षेप. आमचं मांजर अठरा तास निवांत झोपतं, काही त्रास नाही, म्हणजे सुखीच आहे. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो मालकाच्या सोयीचा आहे. शांत झोप आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे पडून राहणं, दोन्ही लांबून सारखंच दिसतं. खिडकीशी बसायला फळी, चढायला उंची, दडायला खोका एवढं मिळाल्यावरही मांजर तितकंच झोपलं, तर ते त्याचं माप म्हणता येईल. मांजर दुखणं लपवतं, म्हणून झोपेत एकाएकी पडलेला फरक ही बरेचदा पहिली खूण असते. सांधे दुखणारं मांजर उडी टाळतं आणि पडून राहतं. उलट दहा-बारा वर्षांचं मांजर अचानक रात्री घरभर फिरत हंबरडा फोडू लागलं, तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं, रक्तदाब असू शकतो किंवा म्हातारपणाचा विसराळूपणाही. अशा वेळी सवयी लावण्याचे वरचे सगळे उपाय बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे न्यावं, रक्त तपासून घ्यावं आणि रात्री कॉरिडॉरमध्ये एक छोटा दिवा जळता ठेवावा.